तीन टोल्यांचा पासवर्ड

पत्रावर जावक क्रमांक होता, खाली गोल शिक्का होता. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, प्रभार घेतेवेळी संगणकात सी ड्राइव्ह आढळून आला नाही. तरी तो तात्काळ पुरविण्यात यावा." मी हेडमास्तरांना उलट टपाली लिहिलं, की या संगणकात सी ड्राइव्ह नसतोच, तुमच्या आधीच्या माणसाने तो घरी नेलेला नाही. त्यांनी माझं पत्र फाइलला लावलं आणि आधीच्या माणसाकडून खुलासा मागवला.

ही माझी नोकरी होती. साल २०१०. एका प्रकल्पातून तिरोडा तालुक्यात शाळांना, सोसायट्यांना, पाणी वापर संस्थांना कंप्युटर वाटले गेले. आत विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे कोणालाही विकत न घेता वापरता येतं, उघडून आत बघता येतं आणि दुसऱ्याला वाटताही येतं अशी सिस्टिम. वाटणारे एका दिवसात वाटून नागपूरला गेले. जाताना प्रत्येक डब्यावर माझा मोबाइल नंबर चिकटवून गेले. माझं तिरोड्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. शिक्षण बारावी नापास. लिनक्स मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून शिकलो, घरचा कंप्युटर चार वेळा बिघडवून. नागपूरवाल्यांना तालुक्यात दुसरा माणूस सापडला नाही.

रोज पंधरा-वीस फोन यायचे. याचा मालक कोण? मालक कोणी नाही म्हटलं की लगेच, "मालक नाही त मंग बिघडला त भांडाचं कोनासंग?" माझ्यासंग, मी म्हणायचो, आणि लोक खरंच भांडायचे. फुकटचा आहे म्हणून हळू चालतो का? नाही, तुम्ही एकाच वेळी नऊ गोष्टी उघडून ठेवता म्हणून हळू चालतो. यात व्हायरस येत नाही म्हणता, मग परवा गोंदियाचा माणूस व्हायरस काढून तीनशे रुपये घेऊन गेला, त्याने काय काढलं? तीनशे रुपये काढले.

उत्तरं उद्धट दिली असतील, चुकीचं एकही दिलं नाही. एक सोडून. ते मी जाणूनबुजून दिलं आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

बोदलकशाच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले तिन्ही टोले, म्हणजे तिन्ही वस्त्या, माझ्याशी भांडायला येतील, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी. गावाला तलाव आहे, तलावाला एक नाली आहे. नालीच्या तोंडाशी वरटोला, मग मधला टोला, शेवटी खालटोला. पाणी आधी वरटोल्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जातं, उरलं तर पुढे. म्हणून तलावाच्या गेटला तीन कुलपं. एकेक किल्ली एकेका टोल्याकडे. तिघे आल्याशिवाय गेट उघडत नाही. या गावात लोकांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि तो असल्याचं नाटक कोणी करत नाही. बाकीच्या गावांत नाटक असतं.

कंप्युटर आला तेव्हा त्यांनी तोच कायदा लावला. पासवर्ड तीन तुकड्यांचा. पहिला शब्द यादोरावांचा. ते गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष, वरटोल्याचे, पंधरा एकराचे. दुसरा मधल्या टोल्याच्या दुधरामचा. तिसरा खालटोल्याच्या नत्थूलालचा. एकाने आपला शब्द टाकायचा, तोवर दुसऱ्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मला आणि ऑपरेटर रविताला खोलीबाहेर काढलं. रविता यादोरावांच्या चुलतभावाची सून; सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात.

मी म्हटलं, "रविताचं वेगळं खातं करून देतो. तिचा वेगळा पासवर्ड. रोज तुम्हा तिघांना यायची गरज नाही."

"म्हंजे किल्ली वरटोल्यात," नत्थूलाल म्हणाले.

"रविता गावची सून आहे," यादोराव म्हणाले.

"सून गावची राहते. घर वरटोल्यात राहते."

दुधराम काही बोलला नाही. दुधराम कधीच काही बोलत नाही. पण पडद्यावरचे ठिपके मोजून नत्थूलालचा शब्द नऊ अक्षरी आहे हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला वर्षभराने सांगितलं.

ठराव लिहिला गेला, सह्या झाल्या. यादोरावांनी मला विचारलं, "आता आमा तिघाइशिवाय हा चालू होत नाही ना गा?"

"पासवर्डशिवाय लॉगिन होत नाही," मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं. पूर्ण नव्हतं. पण त्यांनी पूर्ण विचारलंही नव्हतं.

यानंतर सगळ्यात जास्त फोन रविताचे. "उमेंद्र दादा, लाइन गेली. कंप्युटर बंद झाला. यादोराव मामाजी गोंदियाले गेले, दुधराम काका सांजच्याले भेटते. मी काय करू?" घरी जा. "उमेंद्र दादा, मी फक्त चहा प्याले उठली, त परत पासवर्ड मांगून राहिला." तेव्हा तिला पडद्याचं आपोआप कुलूप बंद करायला शिकवलं. भारनियमन बंद करणं माझ्या हातात नव्हतं. तरी त्या बाईने पाच महिन्यांत तीनशे बारा शेतकऱ्यांची यादी टाइप केली. नाव, गट नंबर, उन्हाळी धानाचं क्षेत्र. तीन म्हातारे आठवड्यातून दोनदा येऊन कुलूप उघडायचे, एकमेकांकडे पाठ करायचे आणि घरी जायचे.

यादी कशासाठी ते सांगतो. उन्हाळी धानाला तलावातून पाणी सोडायचं तर कोणाचं किती क्षेत्र आहे ते पाटबंधारे ऑफिसला द्यावं लागतं. त्या वर्षी यादी छापील आणि सीडीवर, दोन्ही मागितली होती. शेवटची तारीख वीस डिसेंबर, सायंकाळी पाच. यादी गेली नाही तर गेट उघडायची परवानगी नाही. परवानगी नाही तर गावात कोणाचंच उन्हाळी धान नाही.

सोळा तारखेला यादी पूर्ण झाली. छापायच्या आधी लाइन गेली. सतरा तारखेला नत्थूलाल आले नाहीत. अठराला निरोप पाठवला, "आधी ठरावबुकात लिहा का अवंदा पानी खालून सुरू होईल. मंग माहा शब्द टाकतो." एकोणीसला यादोरावांनी निरोप पाठवला, की संस्था कोणाच्या बापाची नाही. वीस तारखेला सकाळी नऊ वाजता त्यांचा मला फोन आला.

नत्थूलालचं भांडण मागच्या उन्हाळ्याचं होतं. तेव्हा गेट तिघांच्या किल्ल्यांनी रीतसर उघडलं होतं. मग पाणी अकरा दिवस वरटोल्यात फिरलं. पाच दिवस मधल्या टोल्यात. खालटोल्यात पोचलं तेव्हा नालीत बेडूक भिजेल एवढंच उरलं होतं. खालटोल्याचं धान निसवण्याआधी, लोंब्या फुटायच्या आत वाळलं. लोकांनी बांधीत गुरं सोडली. तक्रार कुठे करणार? किल्ली तर त्यांनीच लावली होती.

मी साडेदहाला पोचलो. पिशवीत एक सीडी होती. ही सीडी टाकून कोणताही कंप्युटर सुरू केला की आतल्या फायली समोर दिसतात. पासवर्ड विचारलाच जात नाही. यादी काढायला पाच मिनिटं लागली असती. यात जादू नाही. समोर बसायला मिळालं की काम झालं. घराच्या दाराला मोठं कुलूप आणि मागची भिंत कुडाची, असा तो मामला.

यादोराव संस्थेच्या ऑफिसच्या ओट्यावर उभे होते. "मातारा आडवा पडला. तू खोल न दे."

"आधी त्यांना भेटून येतो."

"त्याले कायले भेटतं? मी अध्यक्ष आहो ना."

"एकदा विचारून येतो."

"विचार. तो तुले शेंगा खाऊ घालन न वापस पाठवन."

नत्थूलाल खळ्यात बसून धानाचा फाटका कट्टा, म्हणजे पोतं, शिवत होते. दाभण, सुतळी. वय पासष्ट. मला बघून त्यांनी दुसरा कट्टा पुढे सरकवला, बसायला.

"त्यानं पाठवलंन?"

"होय."

"माह्याशिवाय खुलते का तो?"

हा प्रश्न वर्षभरात कोणी विचारला नव्हता. यादोरावांनी नाही, प्रकल्पाच्या साहेबांनी नाही. मी म्हटलं, "खुलते. पाच मिनिटात."

त्यांनी सुतळी दाताने तोडली. "तवा काऊन नाही सांगितलं?"

"तेव्हा तुम्ही विचारलं नाही."

"आमाले का मालूम काय विचाराचं ते." हे बरोबर होतं. "मंग इथं कायले आला? खोलून द्याचा होता."

"तुम्हाला न सांगता उघडायचा नव्हता."

"त्याइले मालूम आहे का?"

"नाही."

"विचारतीन त सांगशीन?"

"विचारलं तर सांगावंच लागते, काकाजी. तेच माझं काम आहे."

"मंग सांग," नत्थूलाल म्हणाले आणि दाभणात नवी सुतळी ओवायला लागले. "मी काई तुह्या पाया पडत नाही. कुलूप खोटं आहे त खोटं आहे. पन एक आयक. खालटोल्यात एकेचाळीस घरं आहेत. मागच्या साली गेटाची किल्ली आमीच लावली न आमचंच धान मेलं. यंदा माह्याजवळ एवढा एक शब्द होता." मग म्हणाले, "शेंगा खातं का?"

मी शेंगा खाल्ल्या. यादोरावांचा अंदाज तेवढा बरोबर निघाला.

परत येताना मला राग आला होता, आणि तो यादोरावांचा नव्हता. मी लोकांना वर्षभर सांगत फिरलो होतो, की ही सिस्टिम सगळ्यांची आहे, यात वरचा-खालचा नाही. आणि आता माझ्या पिशवीत जी सीडी होती ती कोणाच्या कामाची होती? ज्याच्या टोल्यात ऑफिस, ज्याच्या खोलीत कंप्युटर, ज्याचा फोन मी उचलतो, त्याच्या. समोर बसायला मिळतं ते वरटोल्याला. खालटोल्याला नाही. नालीचंही तेच होतं.

ऑफिसात यादोराव, दुधराम, रविता आणि उगाच जमलेले सात-आठ जण होते. साडेअकरा झाले होते.

"काय म्हनते?" यादोराव म्हणाले.

"येत नाही म्हणतात."

"मंग तू खोल. खुलते का त्याच्याशिवाय?"

"नाही खुलत," मी म्हटलं.

रविताने माझ्याकडे बघितलं. ती पाच महिने त्या यंत्रासमोर बसली होती आणि मूर्ख नव्हती.

"तूच त सांगत होता," यादोराव म्हणाले, "का याचं सारं खुलं राहते, आतमदी कोनी बी पाहू शकते म्हनून. मंग आता खुलत काऊन नाही?"

"कसं बनवलं ते खुलं आहे. तुमची यादी खुली नाही."

"काई त उपाय असन."

"असला तर मला येत नाही."

हे म्हणताना मला खरा त्रास झाला. दहा जणांसमोर येत नाही म्हणायचं. मी बारावी नापास आहे हे तालुक्याला माहीत होतं. मला लिनक्स येतं एवढीच माझी पुंजी होती.

यादोरावांनी लगेच गोंदियाच्या एका कंप्युटर दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुकानदार म्हणाला, "लिनक्स है क्या? उसको तो हम हाथ नही लगाते, भाऊ. आप डब्बा ले आओ, मै नया विंडोज डाल देता हूँ. लेकिन अंदर का सब उड जायेगा."

"सब मतलब यादी भी?"

"सब मतलब सब."

यादोरावांनी फोन ठेवला. मी त्या दुकानदाराला मनात धन्यवाद दिले. आयुष्यात एकदाच.

एक वाजला. कोणी म्हणालं हाताने लिहून काढू. रविता म्हणाली, सातबारे ज्याचे त्याला परत केले, आता तीनशे बारा घरी फिरावं लागेल, आणि सीडी कशाची करणार? कोणी म्हणालं नत्थूलालला उचलून आणू. उचलून आणता येईल, पण नऊ अक्षरं त्यांच्याच बोटाने पडायला हवीत. तेवढ्यात दुधराम बोलला.

"लिवा ना मंग."

"काय लिवा?"

"खालून म्हनून लिवा. मधात आमी हाओच. वरून आलं तरी मधात, खालून आलं तरी मधात."

यादोरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू भिंत बोलली. पण पंधरा एकर त्यांचेही होते आणि पाच वाजले की तेही कोरडेच राहणार होते. ठरावबुक मागवलं. रविताने लिहिलं: चालू वर्षी उन्हाळी पाणी खालटोल्यापासून सुरू करण्यात यावे, नंतर मधला टोला, नंतर वरटोला, वरील दोन्ही टोल्यांच्या बांधीची तोंडं खालटोल्याची पाळी होईपर्यंत बंद राहतील. यादोरावांनी सही इतकी दाबून केली की मागच्या तीन पानांवर उमटली.

नत्थूलाल सायकलवर आले. ठराव दोनदा वाचला, सही केली. मग तिघे कंप्युटरसमोर गेले आणि आम्ही बाहेर. आतून टकटक ऐकू आली, थांबली, परत टकटक, आणि मग यादोरावांचा आवाज: "चुकला म्हनते."

"माहा नाही चुकला."

"मंग का माहा चुकला?"

रविता दाराबाहेरून म्हणाली, "कॅप्स लॉक पाहा, मामाजी. कीबोर्डावर हिरवा दिवा आहे का?"

आतून, "आहे."

"तो बंद करा न तिघंही पयल्यापासून टाका."

यादी छापायला आणि सीडीवर भरायला चाळीस मिनिटं लागली, प्रिंटरने मधे दोनदा कागद खाल्ला. पाचला दहा कमी असताना मी आणि रविता माझ्या गाडीवर पाटबंधारे ऑफिसात पोचलो. पोच घेतली.

फेब्रुवारीत गेट उघडलं. दोन्ही टोल्यांच्या तोंडांवर खालटोल्याची माणसं काठ्या घेऊन पाळीने बसली. पाणी खालटोल्यात पोचलं, मग मधल्यात आलं, मग वर. पुरलं सगळ्यांना. वरटोल्याला सगळ्यांत शेवटी मिळालं, एवढाच काय तो अन्याय.

होळीला यादोरावांचा भाचा टिकेश आला. नागपूरला इंजिनिअरिंगला होता. त्याने कंप्युटर बघितला, पासवर्डाची गोष्ट ऐकली, हसला आणि पिशवीतून एक सीडी काढली. मला यादोरावांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"उमेंद्र."

"बोला जी."

"टिकेशनं चार मिनटात खोलला."

मी घास गिळला. "हुशार आहे."

"तुले मालूम होतं?"

"होतं."

यादोराव म्हणाले, "भोसडीच्या, मी तुह्या शब्दावर सही केली."

"तुम्ही पाण्यासाठी सही केली, काकाजी. पाणी मिळालं ना तुम्हाला?"

त्यांनी फोन ठेवला आणि दोन कामं केली. एक, प्रकल्पाला पत्र लिहिलं, की सदर इसमाने खोटी माहिती देऊन संस्थेची फसवणूक केली. पत्र खरं होतं, म्हणून मी खुलासा दिला नाही आणि महिन्याभरात मला काढलं. डब्यांवरचे नंबर मात्र कोणी काढले नाहीत, त्यामुळे फोन येत राहिले. दोन, ठराव रद्द करायला सभा बोलावली. तिथे दुधरामने जन्मात दुसऱ्यांदा तोंड उघडलं. "राहू द्या," म्हणाला. मधल्या टोल्याला त्या वर्षी जितकं पाणी मिळालं तितकं त्याच्या आठवणीत कधी मिळालं नव्हतं. खालटोल्याची माणसं काठ्या घेऊन बसली की वरटोल्याची चोरी आपोआप बंद होते हे त्याला कळलं होतं. मधला आणि खालचा मिळून दोनशे सहा हात वर गेले. ठराव राहिला. पासवर्ड काढून टाकला. रविता आता तीन म्हाताऱ्यांशिवाय काम करते.

मे महिन्यात नत्थूलाल माझ्या दुकानात आले. धान कापून झालं होतं. बाहेर सायकल लावली, आत येऊन बाकावर बसले, पाणी प्यायले.

"आता त्या कंप्युटरले कुलूप नाही," म्हणाले.

"आधीही नव्हतं."

"होय. पन आता साऱ्याइले मालूम आहे. त्या यादीत माहे साडेतीन एकर आहेत. उद्या कोनी बसला न अडीच केले त?"

"करता येते."

"कोनं केले ते समजते का?"

मी विचार केला. पूर्ण उत्तर द्यायचं ठरवलं. "कोणी ते समजत नाही. पासवर्ड काढला, आता जो बसेल तो बसेल. पण फाइल शेवटची कधी बदलली ते त्यात लिहिलेलं राहते. तारीख आणि वेळ. तीही खोटी करता येते, पण ते सहसा कोणाला येत नाही. टिकेशला येईल."

"तारीख न येळ."

"होय."

"बस झालं," नत्थूलाल म्हणाले. "अमुक तारखेले, अमुक वाजता, कोन कोठी होता ते गावाले मालूम राहते. टिकेश गावात कवा येते ते बी मालूम राहते." त्यांनी गमछ्याने हात पुसले आणि माझ्या कंप्युटरसमोरच्या खुर्चीवर येऊन बसले. "कोठी पाहाची ते दाखव. अगुदर मले दाखव, मंग मी खालटोल्यात साऱ्याइले दाखवतो."

मी माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाभणासारखा धरला.

"सैल धरा, काकाजी."

"पडन ना."

"पडत नाही. या फाइलवर न्या. आता उजवं बटण दाबा."